अवघड विषय, की कच्चे विद्यार्थी? महाविद्यालयातील अभ्याससाहाय्याविषयी

जुना_खडू

कोल्हापूर परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बरीच वर्षे गणित शिकवले. निवृत्त होऊन आता काही काळ लोटला आहे, त्यामुळे स्वतःची चूक मोकळेपणाने लिहिण्यास हरकत नसावी. एके वर्षी तिसऱ्या सत्राच्या गणितात, म्हणजे ज्याला सगळे विद्यार्थी ‘एम-थ्री’ म्हणतात त्या विषयात, पहिल्या चाचणीत निम्म्याहून अधिक वर्ग नापास झाला. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर एक यादी लागली : ‘खालील स्लो लर्नर विद्यार्थ्यांनी रोज सायंकाळी ५ वाजता विशेष वर्गास उपस्थित राहावे.’ यादीत ४१ नावे होती आणि खाली सही माझी होती. पहिल्या दिवशी ९ जण आले. तिसऱ्या आठवड्यात दोघेच उरले आणि त्यांतल्या एकाचे नाव मुळात यादीत नव्हतेच; तो चांगला शिकणारा मुलगा होता आणि आणखी उदाहरणे सोडवायला मिळतील म्हणून येत होता.

तेव्हा मी स्टाफरूममध्ये बसून ‘या पोरांना गरजच नाही’ असे म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले एकाच विषयात अडत असतील, तर मंद कोण, मुले की आमची व्यवस्था, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पुढे वाचनात आले की अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील मिझुरी विद्यापीठात १९७३ मध्ये डिआना मार्टिन यांनी नेमका हाच प्रश्न उलटा करून विचारला होता. त्यांच्या पद्धतीला ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ म्हणतात. तिचे मर्म असे की मदत विद्यार्थ्याला चिकटवायची नाही, विषयाला चिकटवायची. ज्या विषयात वर्षानुवर्षे साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी काठावरची श्रेणी मिळवतात, नापास होतात किंवा विषयच सोडून देतात, तो विषय ‘अवघड’ ठरवायचा आणि त्या विषयाला बसलेल्या सर्वांसाठी पहिल्या आठवड्यापासून मदतीची सोय करायची. आदल्या वर्षी तो विषय चांगल्या प्रकारे पार केलेला एक विद्यार्थी निवडतात. तो चालू वर्षाच्या प्रत्येक तासाला पुन्हा वर्गात बसतो, टिपणे काढतो आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा ठरलेल्या जागी सत्र घेतो. सत्राला येणे ऐच्छिक असते. तो पुन्हा व्याख्यान देत नाही, उत्तरपत्रिका तपासत नाही आणि कोण आले, कोण नाही, हे गुणांसाठी प्राध्यापकांच्या कानावर घालत नाही.

आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी येत्या सत्रात एका महाविद्यालयाच्या संमतीने एम-थ्रीसाठी असा प्रयोग करण्याच्या विचारात आहोत. त्याआधी येथील मंडळींची मते हवी आहेत, विशेषतः ज्यांनी हा विषय दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा दिला आहे त्यांची.

---

थेट_दुसरे_वर्ष

सर, मी त्या वर्गातला नव्हतो, पण अशाच एका यादीत माझेही नाव होते. मी पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होता. आम्हा डिप्लोमावाल्यांची अडचण बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. पदविकेत गणित असते, परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर आम्ही दिलेले नसतात. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशिन यांत आम्ही पुढे असतो. पण एम-थ्रीचे सर फळ्यावर ‘हे तर तुम्ही गेल्या वर्षी केलेच आहे’ असे म्हणून पुढे सरकतात, तेव्हा मागच्या तीन बाकांवरची मुले एकमेकांकडे पाहतात.

मला दोनदा केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि पेपर पुन्हा द्यावा लागला. सुटली ती एका सीनियरमुळे. प्रसंग लहानच आहे. लाप्लास रूपांतर हा एम-थ्रीतला एक भाग; त्यात व्यस्त रूप काढायचे होते आणि पदावली होती ‘एक भागिले एस गुणिले कंसात एस अधिक दोन’. मी सरळ त्याचे दोन तुकडे केले : एक भागिले एस, अधिक एक भागिले एस अधिक दोन. उत्तर चुकत होते आणि मला वाटत होते की मला लाप्लास जमत नाही. तो म्हणाला, ‘एसच्या जागी १ घालून बघ.’ मी घातला. डावीकडे एक तृतीयांश आले, उजवीकडे चार तृतीयांश. तो काहीच बोलला नाही, नुसता बसून राहिला. पाच मिनिटांनी मला उमगले की माझे लाप्लास ठीक आहे. मला अपूर्णांकाचे तुकडे करता येत नाहीत, आणि ते कोणी मला कधी शिकवलेले नाही. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये वजाबाकी हवी आणि बाहेर निम्मे हवे, हे त्याच संध्याकाळी मी स्वतः काढले.

हा प्रश्न मी वर्गात विचारला असता का? मुळीच नाही. ज्या गोष्टीला सगळे ‘बेसिक’ म्हणतात, ती येत नाही असे सत्तर जणांसमोर कोण कबूल करणार?

आता शिरोली एमआयडीसीत काम करतो. शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. बोलावलेत तर येईन.

---

प्रयोगवही

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कल्पनेला माझा विरोध नाही, परंतु दोन गोष्टी स्पष्टपणे मांडते.

पहिली गोष्ट पुराव्याची. ऐच्छिक सत्रांना येणारे विद्यार्थी अधिक गुण मिळवतात, असे सांगणारे अहवाल पुष्कळ आहेत; पण जो मुलगा संध्याकाळी घरी न जाता आपण होऊन सत्राला बसतो, तो मुळातच चिकाटीचा असतो. सत्र नसते तरी तो कदाचित उत्तीर्ण झालाच असता. या पद्धतीवरचा हा जुना आक्षेप आहे. तेव्हा ‘आलेले’ विरुद्ध ‘न आलेले’ अशी तुलना करून आनंद मानू नये. बारावीचे किंवा मागील सत्राचे गुण सारखे असलेल्या मुलांमध्ये तुलना करावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण वर्गाचा निकाल मागील चार-पाच वर्षांच्या निकालाशेजारी ठेवून पाहावा.

दुसरी गोष्ट आमच्या फायलींची. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी ओळखून स्लो लर्नर आणि ॲडव्हान्स्ड लर्नर यांच्यासाठी काय केले, हे विचारले जात आले आहे. मेंटॉर-मेंटी गुणोत्तर, म्हणजे एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हेही विचारले जात आले आहे. हेतू उत्तमच आहे. व्यवहारात मात्र यादी, उपस्थितीपत्रक आणि जिओटॅग केलेली छायाचित्रे एवढ्यावर काम भागते. मी स्वतः एका वर्षी छायाचित्रासाठी शेजारच्या वर्गातली मुले आणून बसवलेली पाहिली आहेत. त्या मुलांनी हसत हसत वह्या उघडल्या होत्या. तुमच्या प्रयोगाची अशी फाईल होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

---

कळंब्याची_आई

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राध्यापिकाबाईंना एक विचारायचे आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसते, रंगीत पेनांनी पुस्तकभर खुणा करते, तरी पेपरात अडते. खासगी शिकवणी लावावी, तर सगळ्या शिकवण्या अकरावी-बारावी आणि नीटच्याच आहेत. पदवीच्या विषयांना कोणी विचारत नाही. दहावी-बारावीपर्यंत आम्ही पालक पैसे ओतत असतो आणि पुढे मुलांना अगदी वाऱ्यावर सोडतो, असे आता जाणवू लागले आहे.

---

प्रयोगवही

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न माझ्या अर्ध्या वर्गाचा आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते आणि ओळख वाढली की येते असे वाटू लागते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. मुले रात्री वाचून सकाळी पाठ म्हणतात आणि फसतात, त्याचे कारण हेच.

सेंद्रिय रसायनशास्त्रात दुसरेही एक कारण आहे. मुले प्रत्येक अभिक्रिया वेगळी पाठ करतात. गेल्या वर्षी तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दुसऱ्या वर्षाच्या मुलींना शिकवत होती. मी दाराआडून ऐकले. समोरच्या मुलीने हायड्रॉक्साइड आणि मिथिल ब्रोमाइड यांची अभिक्रिया काढली होती आणि वक्र बाण कार्बनपासून ऑक्सिजनकडे नेला होता. हिने बाण खोडला नाही. तिने विचारले, ‘इलेक्ट्रॉन कोणाकडे जास्त आहेत? मग देणारा कोण आणि घेणारा कोण?’ समोरची मुलगी थोडा वेळ थांबली, मग तिने स्वतःच बाण उलटा केला आणि लगेच मागच्या पानावरच्या आणखी तीन अभिक्रियांतले बाणही तपासले. बाण नेहमी इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघतो, हे मी वर्गात किमान दहा वेळा सांगितले होते. सांगणे आणि तिने ते स्वतःच्या हाताने उलटवणे यांत जो फरक आहे, तो मला त्या दिवशी जाणवला.

तेव्हा माझा आक्षेप पद्धतीला नाही, तो तिच्या मोजमापाला आहे. मुलीला सांगा, पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर अभिक्रिया काढायची आणि मगच पुस्तक उघडायचे.

---

तांबडी_माती

एक बिगर-अकादमिक प्रतिसाद. कोल्हापुरात या पद्धतीचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आमच्या तालमीत असेच चालते. वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या कडेला असतात. डाव ते सांगतात, पण नव्या पोराला अंगावर घेऊन रोज जोर करून घेतो तो त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असलेला पैलवान. वस्तादांना आपण पहिल्यांदा धोबीपछाड मारायला गेलो तेव्हा कसे पडलो, हे आठवत नसते. मोठ्या पैलवानाला ते कालपरवाचे असते, म्हणून पोराचा पाय कुठे चुकतो ते त्याला आधी दिसते. शिवाय तालमीत ‘कच्च्यांसाठी वेगळी वेळ’ अशी पाटी नसते. सगळे एकाच मातीत उतरतात.

---

वसतिगृह_खोली_१४

तांबडी_माती यांचा मुद्दा मान्य, परंतु तालमीत जे टिकत नाहीत ते गुपचूप निघून जातात आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

मला या विषयात वसतिगृह महत्त्वाचे वाटते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग आणि पुढे इतर अनेक समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. दसरा चौकातून जाताना आजही त्या परंपरेच्या खुणा दिसतात. खेड्यातल्या मुलाच्या राहण्या-जेवण्याची सोय हा त्यामागचा उघड हेतू होता. पण वरच्या वर्गातल्या मुलांच्या सोबतीने अभ्यास करणे ही गोष्ट अशा ठिकाणी आपोआप घडते. मी वसतिगृहात राहिलो तेव्हा आमच्या खोलीत रात्री ११ नंतर स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचा वर्ग भरत असे. त्याला कोणी वर्ग म्हणत नसे. एकाच्या घरून आलेले शेंगदाण्याचे लाडू संपेपर्यंत तो चाले.

याच गोष्टीवर अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात फार बारकाईने काम केले. तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने अडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगली कामगिरी करत होते. प्राध्यापकांना कारणे विचारली, तर तयारी कमी, जिद्द कमी, घरचे वातावरण नाही, पैसे नाहीत, अशी ठरावीक उत्तरे आली. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांसोबत प्रत्यक्ष वेळ घालवला आणि ही उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मन लावून अभ्यास करत होते, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवत आणि नंतर एकत्र बसून ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. त्यावरून त्यांनी ज्या कार्यशाळा उभ्या केल्या, त्यांना मुद्दाम ‘उपचारात्मक’ म्हटले नाही. उलट तेथे नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली जात आणि येणाऱ्यांना सांगितले जाई की तुमच्याकडून अधिक अपेक्षा आहे म्हणून तुम्ही येथे आहात.

आपल्याकडे अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची रेमेडियल कोचिंगची योजना होती. तिचा लाभ झालेले लोक मला माहीत आहेत आणि त्या निधीचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही त्या वर्गात जाताना वर्गमित्रांनी ‘कुठे चाललास?’ असे विचारले की मी ‘लायब्ररीत’ असे उत्तर देत असे, हेही खरे आहे.

---

जुना_खडू

खोली_१४, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. सूचनाफलकावरच्या त्या यादीतल्या ज्यांना मी गैरहजर समजत होतो, त्यांतले कितीजण कोठे कोठे ‘लायब्ररीत’ होते, कोण जाणे.

प्रयोगवही यांची मोजमापाची सूचना स्वीकारतो. महाविद्यालयाकडे एम-थ्रीच्या मागील ५ वर्षांचे निकाल मागितले आहेत. सत्राच्या वहीत नाव लिहिणे ऐच्छिक ठेवू आणि छायाचित्र काढणार नाही.

आता अडलेला प्रश्न सांगतो. सत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला मोबदला द्यावा की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की विद्यादान आहे, त्यात पैसा आणू नये. माझे मत वेगळे आहे. तो मुलगा आठवड्यातले तीन-चार तास पुन्हा त्याच वर्गात बसणार, तयारी करणार, वर सत्रे घेणार. फुकट करून घेतले तर ज्याला घरून पैसे येतात तोच हे काम करू शकेल.

---

प्रयोगवही

मोबदला जरूर द्यावा. शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका ही योजना आहेच. कार्यालयात आणि ग्रंथालयात विद्यार्थी काम करतात, तसेच हेही काम मानता येईल का, हे विचारून पाहावे. आणखी एक कटू गोष्ट बोलून टाकते. आमच्याकडे अनेक विषय सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. त्यांना जेवढ्या तासिका तेवढे पैसे. त्यांच्याकडून विनामोबदला जादा वर्गांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे आणि विशेष वर्ग कागदावर राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

मात्र निवड करताना केवळ वर्गात पहिला आलेला मुलगा घेऊ नका. पहिल्या नंबरच्या मुलाला बहुधा सगळे लगेच दिसते, त्यामुळे समोरचा का अडला हे त्याला दिसत नाही, आणि तो भराभर सोडवून दाखवतो. पहिल्या दिवसापासून त्याला एकच शिस्त लावावी लागेल : खडू त्याच्या हातात राहता कामा नये.

---

थेट_दुसरे_वर्ष

ज्या सीनियरने मला शिकवले, त्याला स्वतःला एम-थ्रीत पहिल्या वेळी केटी लागली होती. दुसऱ्या वेळी त्याने उत्तम गुण मिळवले. असा मुलगा चालेल का, की एकदा नापास झालेला म्हणून त्याचा अर्जच बाद होईल?

---

जुना_खडू

चालेल. तुमचा मुद्दा निकषात लिहून घेतला आहे.

---

कळंब्याची_आई

वेळेचे काय ठरवले आहे? ५ वाजता सत्र ठेवलेत, तर गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी अशा बाजूंनी ये-जा करणारी मुले येऊ शकणार नाहीत. माझ्या मुलीची एक मैत्रीण रोज एसटीने येते. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी स्टँडवर तिष्ठत बसावे लागते, अंधार पडतो आणि घरून फोन सुरू होतात. मुलींच्या बाबतीत तर ‘जादा तास आहे’ हे घरी पटवून देणे हाच एक वेगळा पेपर असतो. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे, त्यांतली निम्मी मुले ५ वाजता बसमध्ये असतात.

---

वसतिगृह_खोली_१४

हे आम्हा पुरुष मंडळींच्या लक्षात आले नाही, याची नोंद घ्यावी.

---

जुना_खडू

ताई, ४१ पैकी ९च जण का आले, याचे एक उत्तर तुम्ही आज मला दिलेत. त्या यादीतली किती नावे बाहेरगावची होती, हे मी तेव्हा पाहिलेच नव्हते. वेळापत्रक आज पुन्हा मांडले. आठवड्यातून दोन दिवस जेवणाच्या सुट्टीला लागून एक मोकळी तासिका मिळते; तेथे दोन सत्रे बसतात. तिसरे सत्र शनिवारी दुपारी, शहरात राहणाऱ्यांसाठी. त्या सत्राला थेट_दुसरे_वर्ष यांनी यावे, अशी विनंती आहे. सत्र घेण्यासाठी नव्हे. नुसते मागच्या बाकावर बसून कोण कुठे अडते ते टिपण्यासाठी.

सूचनाफलकासाठी मसुदा केला आहे. तपासून द्यावा.

‘अवघड विषयासाठी अभ्याससत्र : एम-थ्री. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी १ ते २. डबा सोबत आणला तरी चालेल. वही आणावी. कोणीही यावे.’

---

प्रयोगवही

‘अवघड’ हा शब्द काढा. विषय अवघड आहे हे मुलांना ठाऊक आहे. फलकावर तो शब्द दिसला की पुन्हा कोणासाठी आहे याची चर्चा सुरू होईल.

---

तांबडी_माती

‘डबा सोबत आणला तरी चालेल’ हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत ठेवा.

---

थेट_दुसरे_वर्ष

‘पहिल्या आठवड्यापासून’ हे शब्दही टाकावेत, सर. चाचणीनंतर लावलेली सूचना कितीही चांगल्या शब्दांत लिहिली तरी ती निकालासारखीच वाचली जाते. शनिवारी मी येतो. डिप्लोमाच्या मुलांसाठी अपूर्णांकांची दोन पाने तयार करून आणतो. पहिले उदाहरण माझेच चुकलेले ठेवीन.

---

जुना_खडू

दोन्ही दुरुस्त्या केल्या. या वेळी खाली माझी सही नाही, फक्त खोली क्रमांक आहे.